बंद केली तेव्हा चालू होती

सर्वप्रथम एक अट: गाडी चालू नसावी. चालू गाडी कोणीही घेतो, पेट्रोल भरतो, रविवारी फिरवून आणतो. त्यात कर्तृत्व ते काय? आपल्याला हवी असलेली गाडी पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या शेतावर, लाकडी कोठारात, गवताच्या भाऱ्यांमागे पंचवीस-तीस वर्षं उभी असली पाहिजे. चारही टायर बसलेले हवेत आणि अंगावर धूळ हवी. ती धूळ पुसू नये. विकणाराही पुसत नाही, कारण धुळीसकट फोटो काढला की किंमत वाढते हे त्याला आपल्या आधी कळलेलं असतं.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाने शक्यतो मस्टँग बघावी, तीही १९६५ किंवा १९६६ सालची. फोर्डने ही गाडी १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांपुढे आणली. किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे. पहिल्याच वर्षात चार लाखांहून जास्त खपल्या. इतक्या खपल्या म्हणजे सडायलाही तितक्याच उरल्या, तेव्हा निवडीला भरपूर वाव आहे. दुसरं कारण भावनिक. ही गाडी तीन ठिकाणी बनायची: मिशिगनमध्ये डिअरबॉर्नला, कॅलिफोर्नियात सॅन होजेला आणि न्यू जर्सीत मटचनला. हा मटचनचा कारखाना फक्त नावाने मटचनचा, होता एडिसनमध्येच. २००४ साली तो बंद पडला. ज्या एडिसनला आपण कढीपत्ता आणि भाजणी आणायला जातो, तिथलीच ही लेक.

वाहन क्रमांकातलं दुसरं अक्षर ‘टी’ असेल तर गाडी एडिसनची. ते दिसल्यावर छातीत जो उमाळा येतो तो चेहऱ्यावर येऊ देऊ नये. विकणारे अशा वेळी आपल्या चेहऱ्याकडेच बघत असतात. पाचवं अक्षर इंजिनाचं. ‘टी’ म्हणजे सहा सिलिंडर, ‘सी’ आणि ‘ए’ म्हणजे व्ही-८, आणि ‘के’ म्हणजे २७१ अश्वशक्तीचं दुर्मीळ इंजिन. ‘के’ दिसलं की हात जोडावेत आणि मग बॉनेट उघडून आतल्या पत्र्यावर ठोकलेला क्रमांक दाराच्या पट्टीशी ताडून पाहावा. पट्टी नवी मिळते. पत्र्यावर अक्षर उमटवायलाही एक ठसा आणि हातोडी पुरते.

आता विकणाऱ्याशी संभाषण. तो बहुधा सत्तरीचा असतो, शांत असतो, आणि कोठाराचं दार ढकलता ढकलता म्हणतो, “बंद केली तेव्हा चालू होती.” याला हसू नये. यात खोटं काहीच नाही. गाडी कोठारात शिरली ती स्वतःच्या पायांनीच. फक्त, चालती गाडी कोणी गंमत म्हणून तीस वर्षं आत कोंडत नाही. त्या सुमाराला क्लच गेलेला असतो, किंवा पोर झालेलं असतं, किंवा दोन्ही. “एक दिवस करून टाकू,” असं म्हणत त्याने दार ओढून घेतलेलं असतं. व्यवहारात गाडीबरोबर तो एक दिवसही आपल्या नावावर होतो. तो वापरलेला नसतो. अगदी कोरा मिळतो.

घरच्यांसाठी एक उदाहरण पाठ असावं. ‘बुलिट’ या सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने पळवलेली १९६८ची हिरवी मस्टँग रॉबर्ट कीर्नन यांनी १९७४ साली ६,००० डॉलरला घेतली. त्यांची पत्नी तीच गाडी घेऊन शाळेत शिकवायला जाई. १९७७ साली खुद्द मॅक्वीनने पत्र पाठवून ती परत मागितली. यांनी दिली नाही. १९८०मध्ये क्लच गेला आणि गाडी उभी राहिली. जानेवारी २०२०मध्ये तीच गाडी, रंगरंगोटी न करता, ओरखड्यांसकट, लिलावात ३४ लाख डॉलरला गेली; कमिशन वेगळं. एवढं सांगून झाल्यावर थांबावं. आपली गाडी कुठल्या सिनेमात होती, हा प्रश्न घरचे आपणहून काढतात.

दुसरं उदाहरण मात्र घरी काढू नये. ओक्लाहोमातल्या टल्सा शहराने १५ जून १९५७ रोजी एक कोरी करकरीत प्लिमथ बेल्व्हेडियर जमिनीत पुरली. पन्नास वर्षांनी काढायची, म्हणून काँक्रीटचा हौद बांधला, अणुबॉम्ब पडला तरी टिकेल अशी ग्वाही देऊन. गाडीला गंजरोधक लेप दिला, वरून प्लास्टिक गुंडाळलं. दूरदृष्टी अशी की सोबत दहा गॅलन पेट्रोलही ठेवलं, न जाणो २००७ साली पेट्रोल मिळेनासं झालं तर! शिवाय बिअरची एक पेटी, आणि बाईच्या पर्समध्ये सापडावं असं सामान: लिपस्टिक, केसांच्या पिना, मन शांत राहावं म्हणून गोळ्या, पार्किंगच्या दंडाची न भरलेली पावती. शहराची लोकसंख्या २००७ साली किती असेल याचा अंदाज लोकांकडून लिहून घेतला; ज्याचा सर्वांत जवळ जाईल त्याची गाडी.

जून २००७मध्ये झाकण उघडलं तेव्हा हौदात पाणी होतं. गाडी वर आली ती चॉकलेटी रंगाची, नखशिखांत गंजलेली. पैज जिंकणारा माणूस १९७९ सालीच वारला होता. गाडी वारसांकडे गेली. पुढे न्यू जर्सीतल्याच एका गंज काढणाऱ्याने तिच्यावर काही वर्षं घातली. बराच गंज निघाला, पण खालचा सांगाडा इतका नाजूक होता की चालवायचा विचार सोडून द्यावा लागला. सध्या ती इलिनॉयमधल्या एका संग्रहालयात आहे. बॉम्बचा विचार झाला होता, पावसाचा राहून गेला.

म्हणून पाणी कुठून शिरतं ते बघावं. मस्टँगमध्ये ते काचेखालच्या जाळीतून शिरतं, आतला पत्रा कुजवतं आणि ड्रायव्हरच्या बुटावर उतरतं. कोरड्या कोठारात हे कळत नाही; बाटलीभर पाणी जाळीत ओतून कार्पेटवर हात ठेवावा. विकणाऱ्याला तहान लागल्याचं सांगून बाटली मिळवता येते. मग आडवं होऊन गाडीखाली जावं आणि मागच्या चाकांजवळचे सांगाड्याचे दांडे स्क्रूड्रायव्हरने टोचावेत. तो आरपार गेला तर हळूच काढून घ्यावा आणि हवामानाबद्दल बोलावं. डिकीही उघडावी: या गाडीत पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो, त्यामुळे टाकी गंजली की सामानही आत पडतं. खिशात लोहचुंबक ठेवावं. दारांच्या खालच्या कडेला ते चिकटलं नाही तर तिथे पत्रा नाही, लांबी आहे, गणपतीच्या आदल्या दिवशी ओल आलेल्या भिंतीला मारलेल्या चुन्यासारखी.

इंजिन जाम असणारच. स्टार्टर मारू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं ओतावं, आठवडाभर वाट बघावी, मग लांब दांडी लावून क्रँक हाताने फिरवून पाहावा. हे दोन द्रव एकमेकांत राहत नाहीत, म्हणून ओतण्याआधी सारखे ढवळावे लागतात. रात्री अकराला गॅरेजमध्ये काय ढवळतोस असं कोणी विचारलं तर काढा म्हणावं. सीटमध्ये उंदरांचं घरटं सापडेल. तिथे चेष्टा नको. मास्क आणि हातमोजे घालून, जंतुनाशकाने ओलं करून मगच ते काढावं, कारण अमेरिकेतल्या काही उंदरांच्या लेंड्यांतून हंता विषाणू पसरतो. ब्रेकबद्दलही एक: १९६६पर्यंतच्या मस्टँगला ब्रेकच्या तेलाचा एकच मार्ग असे. एका चाकाशी गळती झाली की चारही चाकं मोकळी. १९६७पासून दोन मार्ग आले. इंजिनाआधी हे बदलावं.

कागदपत्रांत गाडी विकणाऱ्याच्या दिवंगत वडिलांच्या नावावर निघते आणि त्यांना तीन मुलं असतात, त्यातलं एक अलास्कात. पूर्वी व्हरमाँट राज्य पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी बाहेरच्यांनाही, मालकीपत्र न मागता, टपालाने करून द्यायचं. २०२३मध्ये ते दार बंद झालं. न्यू जर्सी मात्र पंचवीस वर्षांपुढच्या गाडीला ऐतिहासिक पाटी देतं, या अटीवर की ती रोजच्या कामाला वापरायची नाही. ही अट आपल्या हातून मोडण्याची भीती नाही.

राहता राहिली जागा. बिननोंदणीची गाडी अंगणात उभी करायला सोसायटी परवानगी देत नाही, तेव्हा गॅरेज रिकामं करणं आलं. टिश्यू पेपरचे गठ्ठे आणि सासूबाईंची व्हीलचेअर तळघरात जाते. गणपतीचं थर्मोकोलचं मखर जात नाही. जिन्याला वळण आहे. ते मस्टँगच्या मागच्या सीटवर आडवं बसतं, फक्त त्यासाठी पुढची सीट काढावी लागते. ती आधीच कोणीतरी काढलेली असते.