कुंपणावरची मोहरी

"बाई, ब्रोकोलीनं कॅन्सर बरा होतो म्हणे! आमच्या भिशीच्या ग्रुपवर आलंय."

वाळत घातलेल्या चादरीमागून वहिनींचं डोकं वर आलं. मी कढीपत्ता तोडत होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दुसऱ्याचं जीवशास्त्र तपासायची खोड जात नाही.

"नुसत्या ब्रोकोलीनं नाही हो. पाठवणाऱ्यानं अर्धी गोष्ट गिळलीय. खरी करामत जंतूची आहे."

"म्हणजे दह्यातल्या?"

"दह्यातला असता तर काय हवं होतं! सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीत मॅथ्यू चँग म्हणून प्राध्यापक आहेत. त्यांच्या गटानं 2018 साली हे छापलं. जंतू घेतला ई. कोलाय निसल. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, निसल नावाच्या जर्मन डॉक्टरांनी तो एका सैनिकाच्या... आता कसं सांगू... शौचातून काढला. सोबतचे सैनिक हगवणीनं आडवे, आणि हा गडी ठणठणीत. याच्या पोटात कुणीतरी राखणदार असणार, असं त्यांना वाटलं."

"शी! आणि तो खायचा?"

"जर्मनीत कॅप्सूलमधून देतातसुद्धा. तर या जंतूला सिंगापूरकरांनी दोन कामं शिकवली. पहिलं, चिकटायचं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशीवर हेपरान सल्फेटची, म्हणजे साखरेच्या साखळ्यांची, लव असते. तिला धरणारं प्रथिन दुसऱ्या एका जंतूकडून उसनं आणून याच्या अंगावर बसवलं. एकदा चिकटला की हलायचं नाव नाही."

"आमच्या वरच्या भाडेकरूसारखा! हा भाडं तरी देतो का?"

"देतो ना, तेच दुसरं काम. तुम्ही लोणच्याला मोहरी फेसता, तेव्हा काय होतं?"

"नाकात झण्णकन जाते. डोळ्यांतून पाणी."

"आणि फोडणीतली?"

"ती तडतडते नुसती."

"कारण तापल्या तेलात तिच्यातलं विकर मरतं, एन्झाइम म्हणतात ते. मोहरीच्या दाण्यात झणका आयता नसतोच. कच्चा माल एका कप्प्यात, विकर दुसऱ्यात. दाणा फुटला, पाणी लागलं, की दोघांची गाठ पडते आणि झणका तिथल्या तिथे तयार होतो. कोबी, मुळा, ब्रोकोली ही सगळी मोहरीचीच भावंडं. ब्रोकोलीतून सल्फोराफेन निघतं, ते कॅन्सरच्या पेशीला मारक. हा जंतू तेच विकर सोडतो. पेशीला धरून बसायचं आणि भाजीचा अर्क आला, की तिच्या दारातच मोहरी फेसायची!"

वहिनी मनापासून हसल्या. "म्हणजे पाटा-वरवंटा तिच्याच उंबऱ्यावर!"

"अगदी. काचेच्या बशीत आतड्याच्या कॅन्सरच्या 95 टक्क्यांहून जास्त पेशी मेल्या. स्तनाच्या आणि जठराच्या कॅन्सरच्या पेशींना मात्र काही झालं नाही. उंदरांमध्ये गाठींची संख्या 75 टक्क्यांनी घटली. उरल्या त्याही बाकीच्या उंदरांच्या गाठींपेक्षा तिपटीनं लहान."

"उंदरांमध्ये..." वहिनींनी चादरीची चुणी उगीचच दोनदा सरळ केली. मग हळूच म्हणाल्या, "वन्संच्या यजमानांचं आतड्याचंच ऑपरेशन झालंय. केमो चालू आहे. त्यांना द्यायला म्हणून दोन किलो आणून ठेवली मी."

तरीच. भिशीच्या ग्रुपवरचं काही त्या एरवी मला विचारत नाहीत.

"त्यांना पचते का, ते डॉक्टरांना विचारून द्या. भाजी म्हणून द्या, औषध म्हणून नको. केमोची तारीख काही झालं तरी चुकवू नका. तो जंतू भाजीत नाही, बाजारातल्या कुठल्या दह्यातही नाही."

वहिनी आत गेल्या. बऱ्याच वेळानं पिशवी घेऊन आल्या आणि दोन गड्डे कुंपणावर ठेवले.

"घ्या. डाळीचं पीठ पेरून बघा. आमच्याकडे हे म्हणतात, हिरवा पडलेला फ्लॉवर कशाला आणलास?"