आमची रेंज आणि काकूंचे बल्ब

साडूंनी घोडबंदर रोडला घर घेतलं, ते मी सहन केलं. चोविसाव्या मजल्यावर घेतलं आणि खिडकीतून खाडी दिसते, हेही सहन केलं. डोंबिवलीच्या माणसाला खाडीचं काय कौतुक? पण त्यांच्या ओट्यात बसवलेली चार शेगड्यांची, काळ्या काचेची इंडक्शन रेंज पाहून आलो आणि माझी झोप उडाली. साडूंनी तिच्यावर नुसतं बोट फिरवून चहा केला होता. खटका नाही, लायटर नाही, 'अगं, गॅस बारीक कर' नाही. वर मला म्हणाले, "तुमच्या बिल्डिंगला झेपायची नाही हो ही."

आता ही काय म्हणायची गोष्ट झाली?

आमची इमारत डोंबिवली पूर्वेची, तळमजला अधिक चार, लिफ्ट नसलेली. पण मी तयारी अशी केली की साडूंनी पाहतच राहावं. मंजूर भार वाढवून घेतला. मीटरपासून स्वयंपाकघरापर्यंत सहा एमएमची स्वतंत्र वायर ओढली, तिला बत्तीस अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी. बायकोच्या भांड्यांना लोहचुंबक लावत दोन दिवस फिरलो. ज्याच्या बुडाला चुंबक चिकटत नाही ते भांडं या शेगडीला ओळखतच नाही. हिंडालियमच्या कढया आणि सासूबाईंची पितळी पातेली एका फटक्यात बाद झाली. बायको काही बोलली नाही. तिने फक्त गॅसची शेगडी आवरून ठेवायला नकार दिला. त्यानंतर घरी येणाऱ्या पाहुण्यांना मी आधी एमसीबी दाखवायचो, मग रेंज, आणि सर्वांत शेवटी चहा द्यायचो.

रेंज रुसायला लागली ती अशाच एका संध्याकाळी. एका शेगडीवर चहा उकळत होता. पोह्यांसाठी दुसरी लावली तर टूं टूं असा आवाज झाला, काचेवर 'ई' आणि पुढे एक आकडा आला, आणि सगळं थंड. पुस्तिकेत त्या आकड्यासमोर लिहिलं होतं, पुरवठ्याचा दाब कमी आहे, जाणकाराला बोलवा. हे वाचून मी जरा सुखावलो. जाणकार घरातच होता.

आमच्या इमारतीत कोणाकडे वीज बिघडली की पुरुषमंडळी खिशाला टेस्टर लावून गोळा होतात. माझ्याकडे तर चार टेस्टर आले, एक जण पायजम्याच्या नाडीला अडकवून आला होता. प्रत्येकाने सॉकेटमध्ये टेस्टर घातला, प्रत्येकाचा पेटला आणि प्रत्येक जण म्हणाला, "लाइट तर आहे." टेस्टरमधला तो नारिंगी दिवा पेटायला मिलिअँपिअरचा अंशसुद्धा पुरतो, आणि तो आपल्याच अंगातून जमिनीत जातो. फेज जिवंत आहे एवढंच त्याला कळतं. न्यूट्रलचा कारभार आटोपला असला तरी टेस्टर आपला हसतमुख. हे मी चौघांना समजावून सांगितलं. चौघेही पोहे खाऊन गेले.

मग मी मल्टिमीटर काढला. रिकाम्या सॉकेटला 232 व्होल्ट, म्हणजे अगदी आदर्श. पण भार नसताना व्होल्टेज मोजणं म्हणजे चहापोह्याच्या कार्यक्रमात मुलीचा स्वभाव पाहणं. एक शेगडी लावली की आकडा 208 वर यायचा. दुसरी लावली की 170 च्या खाली, आणि टूं टूं. मी वायरच्या या टोकाला मोजलं, त्या टोकाला मोजलं, मग खाली मीटरपाशी मोजलं. सगळीकडे घसरण तीच. याचा अर्थ माझी सहा एमएम निर्दोष होती, माझा एमसीबी निर्दोष होता, आणि दोष माझ्या मीटरच्याही पलीकडे, इमारतीच्या सामाईक भागात होता. हे निदान शंभर टक्के बरोबर ठरलं. मी हे मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढे ते कोणी विचारलंच नाही.

वायरमन येईपर्यंत ठाकुर्लीबद्दल सांगतो. तो आल्यावर त्यालाही सांगितलंच. आमच्या शेजारच्या या स्टेशनाला लोक दोन मोठ्या स्टेशनांमधली उचकी समजतात, पण 1929 साली जीआयपी रेल्वेने आपलं विजेचं कारखान्याएवढं केंद्र इथे उभं केलं, चोळे पॉवर हाऊस. 1925 च्या 3 फेब्रुवारीला व्हीटीहून कुर्ल्याला विजेची पहिली गाडी धावली, आणि थोड्याच वर्षांत त्या गाड्यांची वीज ठाकुर्लीत कोळसा जाळून होऊ लागली. म्हणजे बोरीबंदरला टाय लावून उतरणारा साहेब आमच्या विजेवर उतरत होता! माझे एक मामा तिथे कामाला होते. लहानपणी मला रुळांपाशी नेऊन ते सांध्यावरची तांब्याची जाड तार दाखवायचे. दोन रूळ जोडणारी, वीतभर, हिरवट पडलेली. वरच्या तारेतून पंधराशे व्होल्टने वीज गाडीत येते, ते सगळे बघतात. पण ती परत जाते ती या रुळांमधून, आणि हा तुकडा निसटला तर ती वाट शोधत भलतीकडे जाते, असं मामा सांगायचे. मला त्यात रस नसायचा. मला मालगाडीचे डबे मोजायचे असायचे. पॉवर हाऊस बंद पडून आता जमाना झाला, गाड्याही पंचवीस हजार व्होल्टच्या एसीवर गेल्या. पण ज्या ठाकुर्लीने रेल्वे ओढली तिच्या शेजारी मला दोन शेगड्या पेटवता येऊ नयेत, हे काही मनाला पटेना.

वायरमन म्हणजे पंचविशीचा पोरगा. त्याने माझी वही पाहिली नाही, मल्टिमीटर पाहिला नाही, ठाकुर्ली ऐकून घेतली आणि विचारलं, "काका, बिल्डिंगमध्ये कोणाकडे दिवे भडक होतात का?"

"छे," मी म्हणालो. "तक्रार कमी व्होल्टेजची आहे."

"माझ्याकडे होतात की!" जिन्यातून आवाज आला.

वरच्या मजल्यावरच्या काकू. एकट्या राहतात, पिशवी घेऊन खाली उतरत होत्या. संध्याकाळी कधीकधी पंखा पळत सुटतो आणि देवघरातला पिवळा बल्ब पांढराफटक पडून उडतो, हे त्या पाडव्यापासून सांगत होत्या. त्यांना कोणी सांगितलं बल्ब स्वस्तातले घेता, कोणी सांगितलं वयाने भास होतात, आणि कोणी मोतीबिंदू दाखवून घ्यायला सांगितलं. मोतीबिंदूचा सल्ला कोणाचा, हे काकूंना पक्कं आठवतं. मला फडके रोडच्या डॉक्टरांचं नावही आठवतं.

पोराने मीटर रूम उघडली. जुन्या सायकली, गणपतीचं मखर आणि मागे लोखंडी पेटी. त्याने मेन बंद केला आणि न्यूट्रलच्या पट्टीवर बॅटरी मारली. बोल्टखालचा ॲल्युमिनियमचा लग एका बाजूने जळून काळा पडला होता. वायरचं वेष्टण वितळून त्याचे थेंब खाली ओघळत गोठले होते. पोराने नट चिमटीत धरला आणि फिरवला. पाना लागलाच नाही.

इमारतीत तीन फेज येतात आणि सगळ्या घरांची वीज परत जाते ती या एका नटाखालून. ॲल्युमिनियम दाबाखाली वर्षानुवर्षं जरा जरा सरकतं, त्याच्यावर पांढरा थर चढतो, नट ढिला पडतो आणि तापायला लागतो. परतीची वाट अशी अडली की वीज दुसऱ्या फेजवरच्या घरांमधून वाट काढते. ज्या फेजवर भार जास्त, त्याचं व्होल्टेज बसतं. ज्याच्यावर कमी, त्याचं चढतं. न्यूट्रल पुरता तुटला तर चारशेच्या आसपाससुद्धा जातं. माझं मीटर एका फेजवर, काकूंचं दुसऱ्या. त्यांच्या घरात एक फ्रिज, एक पंखा आणि देवघरातला बल्ब.

म्हणजे मी पाहुण्यांसमोर बोट फिरवून दुसरी शेगडी लावायचो, तेव्हा वर काकूंचा पंखा पळत सुटायचा.

माझ्या पोह्यांसाठी तासाभरात चार टेस्टर आले होते. काकूंकडे एवढ्या दिवसांत एकही गेला नाही. त्यांचा फ्रिज जळाला असता, वायर पेटली असती, आणि आम्ही म्हणालो असतो, बघा, एकट्या राहतात, लक्ष राहत नाही. त्या दिवशी जिन्यात उभा असताना मला स्वतःचा फार राग आला, आणि त्याहून जास्त आला तो या गोष्टीचा की काकूंना आमचा राग आलेला दिसत नव्हता. त्यांनी पोराला विचारलं, "आता बल्ब लावू का नवीन?"

केबल बदलायचं ठरलं आणि सोसायटीची सभा बोलावली गेली. खर्च सामाईक, यावर एकमत झाल्यावर मी काकूंच्या नुकसानभरपाईचा विषय काढला. खजिनदारांनी चष्मा वर केला.

"बल्बची बिलं आहेत का? जीएसटीची?"

काकूंनी पिशवीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. आत उडालेले सगळे बल्ब, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलेले, आणि प्रत्येक कागदावर तारीख. खजिनदारांनी एक उचलून कानापाशी हलवला. तार खुळखुळली.

"ठराव मांडावा लागेल," ते म्हणाले.

ठराव मी मांडला. अनुमोदन शेवटी काकूंनाच द्यावं लागलं, कारण बाकीची मंडळी खाली वडापाव आले का ते बघायला गेली होती.