मावेलकाका

तुमच्या सोसायटीतही एक असतीलच. निवृत्त, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी व्हर्नियर कॅलिपर, आणि कुठलीही वस्तू दिसली की आधी बोटाने टकटक, मग माप, मग प्रश्न: "यात काय मावेल हो?" आमच्या पोरांनी त्यांचं नावच मावेलकाका ठेवलंय.

कुठलंही यंत्र आतून चोख आणि बाहेरून दळभद्री असतं, अशी त्यांची ठाम समजूत. "माल बघा काय आहे! आणि हे काळ्या प्लॅस्टिकचं ध्यान?" असं म्हणत ते नव्याकोऱ्या वस्तूचे स्क्रू काढतात. वॉरंटी त्याच क्षणी संपते. बुधवार-रविवार पुण्यातला जुना बाजार, एरवी तपकीर गल्ली, अशी त्यांची वारी. कुणी सावंतवाडीहून लाकडी फळंभाज्यांची करंडी आणली की काका दारात हजर. त्यातल्या वांग्यात त्यांनी पेन ड्राइव्ह बसवलाय. देठ ओढला की यूएसबी बाहेर येतं. काम देखणं, नाव ठेवायला जागा नाही. फक्त लॅपटॉपला ते लावलं की शेजारची भोकं झाकली जातात. झेरॉक्सवाला पोरगा रोज ओरडतो, "काका, वांगं काढा, माउस लावायचाय!"

मग राउटर. तो गेला काकूंच्या माहेरच्या पितळी कडीच्या डब्यात. चिंचेने घासून लखलखीत केलेला डबा. कडी लावली आणि घरातलं इंटरनेट गेलं. चारी बाजूंनी बंद धातूच्या डब्यातून रेडिओलहरी बाहेर पडत नाहीत. फॅरेडेचा पिंजरा म्हणतात तो हाच. काकांनी हार मानली नाही, झाकणाला नाजूक भोकांची रांगोळी पाडली. पण वायफायच्या लहरीची लांबी साधारण 12 सेंटिमीटर, भोकं चार मिलिमीटरची. सूनबाई त्या वेळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होत्या. त्या काय म्हणाल्या हे नातवाने आम्हाला साभिनय सांगितलं, इथे छापता येणार नाही. काकू डब्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत, आणि काका त्यालाच जास्त घाबरले.

वस्तू कुठली, प्रसंग कुठला, याचा विधिनिषेध नाही. लग्नात अहेराच्या समईचा दांडा मोजून झालाय. आमच्या शेजाऱ्यांच्या अस्थी आणायला गेलो होतो, तर कलशाकडे बघताबघता यांचा हात खिशाकडे सरकला. मी कोपर दाबलं. "छे हो," ते माझ्या कानात पुटपुटले, "तांब्याचा आहे, रेंज यायची नाही." सध्या त्यांचा डोळा माझ्या ट्रान्झिस्टरवर आहे. मिरजेला तंबोऱ्याला लावतात तसला भोपळा गच्चीत वाळत टांगलाय. मी ट्रान्झिस्टर कपाटात कुलपात ठेवतो.

आता नाइलाजाने एक गोष्ट सांगावी लागेल. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे हात कापतात. रिमोटवर बोट एकीकडे जायचं, टीव्ही भलतीकडे. दिवसभर एकट्या, मग नको ते चॅनल तसंच चालू. काकांनी रिमोट उघडला. "बटणं चाळीसच्या वर, आजींना लागतात तीन." त्यांनी पोळपाट खालून कोरला, वर दाराच्या बेलची तीन जाडजूड बटणं बसवली: चालू-बंद, पुढचं चॅनल, आवाज. रिमोटच्या काळ्या कार्बनवर डाख धरेना, तर भिंग डोळ्याला लावून तांब्याची रेघ खरवडत थेट चिपच्या पायापर्यंत गेले आणि तिथे केसाएवढ्या तारा जोडल्या. कडेला इन्फ्रारेडचा डोळा. आवाजाचं बटण फक्त वाढवणारं का, असं विचारलं तर म्हणाले, "कमी करायला कुणीतरी वर जाईलच ना."

आणि जातात. संध्याकाळी आवाज टिपेला पोचला की कुणी ना कुणी तिसऱ्या मजल्यावर चढतं आणि चहा पिऊन येतं. आजी पोळपाट मांडीवर घेऊन बसतात. तो सोफ्याखाली हरवत नाही, हातातून निसटत नाही. हे सगळं काकांनी मापात धरलं होतं की आपोआप जमलं, हे त्यांना विचारण्यात अर्थ नाही. विचारलं तर ते उत्तर देता देता तुमचा चष्म्याचा डबा मोजतील.

पोळपाट मात्र आमच्या घरचा होता. आजतागायत त्यांनी दुसरा आणून दिलेला नाही.