अंडं न्हाई न्हवं ह्यात?

आमच्या आणि शेजारच्या आक्कांच्या परसात छातीएवढी दगडी भिंत आहे. तिच्यावर कुणीतरी कधीतरी एक फरशी बसवली, आणि ती फरशी आता दोन्ही घरांचं टेबल आहे. बेळगावच्या शहापुरात घरं इतकी खेटून की इकडे फोडणी बसली की तिकडे शिंक येते. तेव्हा मी ओव्हन लावला हे काही लपून राहणार नव्हतं.

"काय जाळूलालीस गे?"

"जाळत नाही आक्का, भाजतेय. बिस्कोटी."

"बिस्कुटं म्हण की सरळ."

सरळ म्हणायची सोय नव्हती. पुण्याच्या भाचीनं कॉफीच्या दुकानात दोन तुकडे खाऊ घातले होते. बोटभर लांब, तिरपे कापलेले, मधे बदाम. त्या दोन तुकड्यांच्या पैशात आपल्याकडे किलोभर टोस्ट आला असता. तेव्हाच ठरवलं होतं की हे घरी करायचं. कृती अगदी साधी निघाली: मैदा 250 ग्रॅम, साखर 150, बदाम 100, दोन अंडी, अर्धा चमचा बेकिंग पावडर. मळायचं, लांबट लोड करायचा, 170 अंशांवर पंचवीस-तीस मिनिटं भाजायचा. बाहेर काढून दहा मिनिटं निववायचा, करवतीसारख्या दातेरी सुरीनं तिरप्या चकत्या पाडायच्या आणि त्या आडव्या मांडून परत ओव्हनमध्ये, 150 वर, एकेका अंगाला दहा मिनिटं.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तूप?"

"तूप नाही. लोणी नाही, तेलही नाही."

"आन् अंडं घातलंस?"

"दोन."

"मग मी खात न्हाई. आज सोमवार." तरी ताटलीवरची नजर काही हलेना. "तिकडं कोण खातंय असलं बिनतुपाचं?"

तिकडं म्हणजे इटलीत. तिथं प्रातो नावाचं गाव आहे, आपल्यासारखंच कापडाचं. तिथल्या अंतोनियो मात्तेईनं 1858 मध्ये बिस्किटांचं दुकान काढलं, ते अजून चालू आहे. तिकडे ह्या बदामाच्या बिस्किटांना कांतुच्चीही म्हणतात आणि जेवण झालं की गोड वाइनमध्ये बुडवून खातात.

"दारूत?" आक्कांनी पदर सावरला. "म्हंजे आपण चहात बुडवतोय ते लई सोवळ्यातलं म्हणायचं."

मग मी विद्वत्ता पाजळली. म्हटलं, बिस्किट ह्या शब्दाचा मूळ अर्थच ‘दोनदा भाजलेलं’. लॅटिनमधला शब्द. दुसऱ्यांदा भाजलं की आतलं पाणी उडून जातं, माल कडक होतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून जहाजावरच्या खलाशांना नि मोहिमेवरच्या फौजांना असलंच काहीतरी बांधून द्यायचे. आपण पुड्यातून खातो ती बिस्किटं एकदाच भाजलेली असतात, नाव मात्र दोनदाचं लावून बसलीत.

आक्का दोन क्षण गप्प राहिल्या. त्या गप्प राहिल्या की मला भीती वाटते.

"दोनदा भाजायचं, कापून परत भाजायचं. म्हंजे टोस्ट की गे! बेकरीवाला पाव भाजतोय, दुसऱ्या दिवशी कापतोय, परत भट्टीत सारतोय. एवढं वाचून तू टोस्टाला येऊन पोचलीस व्हय!"

खरं सांगायचं तर उत्तर नव्हतं. खऱ्या बिस्किटाचा मान कुणाला द्यायचा झालाच, तर चहाच्या गाड्यावर बरणीत उभ्या असलेल्या त्या साखर लावलेल्या टोस्टला द्यावा लागेल. बिस्कोटी म्हणजे त्याचीच परदेशी मावसबहीण. बदामाचे दागिने घातलेली, तुपाला न शिवणारी, आणि तरी भाव खाणारी.

एकदा टोस्ट सापडल्यावर आक्का सुटल्याच. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत शहापुरातल्या घराघरांतून मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा डोक्यावर घेऊन बेकरीत जायची पद्धत होती. तिथं सामान तोलून द्यायचं, करणावळ ठरवायची आणि भट्टीपाशी नंबर लावून बसायचं. पोरांना पत्र्यावर नजर ठेवायला बसवायचं, आपला पत्रा दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून. नानकटाई, जिऱ्याची बिस्किटं, थोडी काजूची. गरम पत्रे बाहेर आले की पोरं फुटलेल्या तुकड्यांवर झडप घालायची. मग पत्र्याच्या मोठ्या डब्यात खाली वर्तमानपत्र अंथरून थर लावायचे. मी सांगलीची, आमच्याकडेही हेच होतं. त्यावरून आक्का मला नेहमी चिडवतात की तू सासरी आलीसच नाहीस, संस्थानातल्या संस्थानात घर बदललंस. शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचं होतं ना! बेळगाव इंग्रजांचं, कँप गोऱ्या पलटणींचा, आणि मधे कपिलेश्वराच्या अलीकडे आपण संस्थानी.

"पण आक्का, घरचंच सामान कशाला न्यायचे? तयार बिस्किटं मिळत नव्हती?"

"मिळत होती. पण त्यात काय घातलंय कुणास ठावं! आमच्या सासूबाईंच्या टायमाला बेकरीचा पाव घरात शिरत नव्हता. आजारी माणसाला तेवढा दुधातनं. घरचं तूप, घरचा मैदा, घरचा डबा. भट्टी तेवढी त्याची. मग चालतंय."

म्हणजे कारण सोवळ्याचं. हे ऐकून मला पंचहौद मिशन आठवलं. 1890 साल, पुणे. ह्या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातली बडी मंडळी गेली, व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढं आली. कुणी घेतली, कुणी नुसता हात लावला. मग गोपाळराव जोश्यांनी, आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात असा गदारोळ उठला की टिळक-रानड्यांसारख्यांवरही प्रायश्चित्ताची वेळ आली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं.

"बिस्कुटापायी?"

"चहा आणि बिस्किटापायी."

"आन् टिळकांनी खाल्लं का बिस्कुट?"

त्या बाबतीत पुण्यातच एकमत झालं नाही, तर भिंतीवर कुठून व्हायचं! पण पुढं श्रावण लागल्यावर बिनअंड्याची बिस्कोटी करायचं माझ्या मनानं घेतलं ते ह्याच गप्पांमुळं. आक्कांना एकदा तरी खाऊ घालायचंच होतं. अंड्याऐवजी घट्ट दही घातलं, थोडं दूध, आणि इटलीची माफी मागून दोन चमचे तूप. पहिला लोड कापताना भुगा झाला. अंडं तापलं की घट्ट होतं आणि बदामाला मैद्याशी धरून ठेवतं. दह्याला ते जमत नाही. शिवाय मी गरम असतानाच सुरी घातली होती. दुसऱ्या वेळी काजू बारीक चिरले, लोड पुरता गार होऊ दिला, चकत्या जाड पाडल्या. जमलं. तो भुगा वाया गेला असं समजू नका, मुलांनी दुधात घालून चमच्यानं खाल्ला.

काजू चंदगडचा. बदाम परवडत नाही असं नाही, पण चंदगड आपल्यापासून हाकेवर. तिथला काजू सोडून परदेशातला बदाम घालत बसणं मला पटेना. काजूबरोबर बडीशेप घातली, अर्धवट कुटलेली. इटलीतही काही ठिकाणी बडीशेपेसारख्या वासाचं बी घालतात, म्हणजे मी काही गुन्हा केला नाही. ताटली भिंतीवर ठेवली.

"अंडं न्हाई न्हवं ह्यात?"

"नाही."

आक्कांनी तुकडा चहात बुडवला आणि मनातल्या मनात काहीतरी मोजलं. टोस्टला तीन मोजायचे असतात, जास्त झालं तर खाली बसतो. ह्याला किती मोजायचे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दहापर्यंत मोजलं तरी तुकडा कडकच.

"दात मागूलालाय," म्हणाल्या. पण दुसरा उचलला.

तिथून माझं डोकं फिरलं. दर रविवारी खासबागच्या बाजारातून येताना काहीतरी नवीन पिशवीत यायला लागलं. आलं किसून घातलं ते बरं झालं. संत्र्याची साल घातली ती कडवट लागली, पांढरा भाग खरवडायचा राहिला होता. कॉफीची पूड घातलेली नवऱ्यानं एकट्यानं संपवली, त्यामुळे मत द्यायला कुणी उरलं नाही.

बेळगावात राहून कुंदा घातला नाही तर काय केलं, असं वाटून तोही घातला. ही चूक मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. कुंदा म्हणजे दूध आटवून आटवून तांबूस केलेलं. त्यातली साखर आधीच करपण्याच्या उंबरठ्यावर असते. ओव्हनमध्ये लोड बाहेरून दहा मिनिटांत काळपट, आतून मात्र ओलसर. चकत्या पाडायला गेले तर सुरीला चिकटून निघाला. दुसऱ्यांदा भाजला, तर न कडक न मऊ. आधीच आटलेला कुंदा परत दोनदा भाजायचा नसतो, एवढं कळलं. आक्कांनी चव घेतली आणि फक्त म्हणाल्या, "कुंदा चांगला होता."

मग गोकाकचा करदंट समोर ठेवून त्याच चालीवर खारीक, डिंक, खोबरं, गूळ असा घाट घातला. भाजून झाल्यावर सुरेख! सकाळी डबा उघडला तर सगळं सादळलेलं. पावसाळ्यातली बेळगावची हवा आणि गूळ, दोघांचं संगनमत. गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो. उन्हाळ्यात करून बघेन. आक्का म्हणाल्या, उन्हाळ्यात करदंटच आण, आयता.

शेवटचा प्रयोग तिखटाचा. कन्नड बाजूच्या बेकऱ्यांत खारं बिस्किट मिळतं, हिरवी मिरची, कढीपत्ता, कोथिंबीर घातलेलं. तेच मनात धरून साखर जवळजवळ काढली, चमचाभर ठेवली; भाजलेले शेंगदाणे, जिरं, ओवा, ब्याडगी मिरचीचे दोन तुकडे जाडसर कुटून. ब्याडगी रंगाला जास्त, तिखटाला कमी, म्हणून चकतीवर लाल ठिपके सुंदर उठतात. पहिलं भाजणं नीट झालं. चकत्या पाडल्या, ओव्हनमध्ये मांडल्या, आणि लाईट गेली.

भिंतीपलीकडून आवाज आला, "तवा ठेव की!"

लोखंडी तवा, गॅस अगदी बारीक, चकत्या आडव्या, वर झाकण नाही, कारण वाफ कोंडली तर सगळं मुसळ केरात. आक्का भिंतीशी उभं राहून सूचना देत होत्या, "परत... आता परत... घाई करू नको." अर्ध्या तासात तवाभर झाल्या. कडेला डाग पडलेले, पण खुटखुटीत. बेकरीच्या भट्टीला जसा जळणाचा वास असतो तसा काहीतरी वास ह्यांना होता, जो ओव्हनमधून कधीच आला नव्हता.

ताटली फरशीवर ठेवली. आक्कांनी एक मोडली. कडकन आवाज झाला.

"अंडं न्हाई न्हवं?"

"नाही हो आक्का."

चार खाल्ल्या. चहाही मागितला नाही. दुसऱ्या दिवशी ताटली परत आली. आमच्याकडे ताटली रिकामी परत जात नाही. तिच्यावर लसणीची चटणी होती, आणि चटणीच्या शेजारी, मुद्दाम, साखर लावलेले दोन टोस्ट.

"पुढच्या वेळी ही चटणी घालून बघ," आक्का म्हणाल्या. "आन् लाईट गेली की मगच कर."