राखीव सेल्फ

ज्यांच्या मोटारीकडे पाहून ती चालत असेल असे कोणास वाटत नाही, आणि ज्यांच्या फडताळाकडे पाहून ती कधी काळी बंद पडू शकेल असेही कोणास वाटणार नाही, अशा गृहस्थांची एक जात पुण्यामुंबईकडे अद्याप नांदून आहे. आमच्या वसाहतीत या जातीचे प्रतिनिधित्व अण्णासाहेबांकडे आहे. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सन्मानाने निवृत्त झालेले हे गृहस्थ हस्तिदंती रंगाच्या एका प्रीमियर पद्मिनीचे मालक असून, त्या पद्मिनीच्या पोटात इंजिन सुरू करणारा जसा एक सेल्फ आहे तसे आणखी तीन सेल्फ त्यांच्या घरी, स्वयंपाकघरालगतच्या फडताळात, मेणकापडात गुंडाळून व सुतळीने बांधून सिद्ध ठेवलेले असतात.

या तिघांची कुलकथा अण्णासाहेबांना मुखोद्गत आहे. पहिला नाना पेठेतून कोरा करकरीत, पावतीसह घेतलेला. दुसरा एका रविवारी जुन्या बाजारात, विक्रेत्याला त्याची योग्यता कळू न देता, पाण्याच्या पंपाची मोटर म्हणून पदरात पाडून घेतलेला. आणि तिसरा मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचा. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वयोमर्यादेच्या नियमानुसार शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली, तेव्हा वृत्तपत्रांनी हळवे लेख लिहिले आणि लोकांनी तिच्याशेजारी उभे राहून छायाचित्रे काढून घेतली. अण्णासाहेब मात्र त्या दुखवट्याच्या वातावरणात कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे जाऊन, ज्या गावात ती मोटार जन्मली त्याच गावातून तिचा एक अवयव पिशवीत घालून संध्याकाळच्या गाडीने परत आले.

मजकूर सेल्फांची एक नोंदवही आहे. आयुष्य दफ्तरात गेलेल्या माणसाला नोंदवहीवाचून वस्तूचे अस्तित्वच पटत नाही, हे मी समजू शकतो, परंतु या वहीत सेल्फांचे वर्गीकरण ‘कायम’, ‘हंगामी’ आणि ‘उमेदवार’ असे केलेले असून, टॅक्सीतून आलेल्या सेल्फापुढे ‘पूर्वीची नोकरी खडतर, वर्तणूक चांगली’ असा शेरा आहे. दर सहा महिन्यांनी तिघांची तपासणी होते. त्या दिवशी मोटारीची बॅटरी काढून व्हरांड्यात आणली जाते, अण्णासाहेब एकेका सेल्फावर आपला डावा पाय घट्ट रोवतात (कारण वीज मिळताच तो असा उसळतो की मोकळा ठेवल्यास थेट तुळशीवृंदावनापर्यंत मजल मारील), आणि जाड तारेचे टोक टेकवताच तो किंचाळत फिरू लागतो, त्याचा दातेरी पिनियन सर्रकन् पुढे झेपावतो, ठिणगी उडते, आणि आतून काकूंचा आवाज येतो, “अहो, चार महिने झाले मिक्सर जळून. त्याचं काही राखीव आहे का तुमच्याकडे?” त्याचे नसते.

या संग्रहवृत्तीचे मूळ शोधू गेल्यास ते अण्णासाहेबांच्या स्वभावात कमी आणि त्यांच्या तारुण्यातील राज्यकारभारात अधिक सापडते. परवाने, कोटा आणि प्रतीक्षायादी यांच्या अमलात ज्या पिढीची उमेदीची वर्षे गेली, जिला मोटारीसाठी अनामत भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली, दूरध्वनीसाठी अर्ज करून मुलांची मुंज उरकावी लागली, आणि जिने दुकानदाराच्या तोंडून ‘माल नाही’ हे दोन शब्द इतर कोणत्याही मंत्रापेक्षा अधिक वेळा ऐकले, त्या पिढीला एखादी वस्तू दुकानात उपलब्ध आहे ही बातमी ती ताबडतोब घरी आणून ठेवण्याची सूचना वाटते. आज तोच भाग दोन दिवसांत घरपोच येतो असे सांगून पाहा; अण्णासाहेब तुमच्याकडे, संस्थाने कधी खालसा होणार नाहीत असे मानणाऱ्या भाबड्या सरदाराकडे पाहावे, तसे पाहतील.

त्यांचे या विषयातील ज्ञान पोकळ नाही, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. १९११ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने विजेवर चालणारा सेल्फ सिद्ध केला, पुढच्याच वर्षी कॅडिलॅक मोटारींवर तो बसू लागला, आणि हँडल मारताना उलट फटका बसून मनगटे मोडण्याची परंपरा हळूहळू लोप पावली, हा इतिहास ते कोणासही, कोणत्याही प्रसंगी, साखरपुड्याच्या पंगतीतसुद्धा, विस्ताराने सांगतात. लहानशा पेट्रोल इंजिनाचा सेल्फदेखील फिरताना दीड-दोनशे अँपिअर वीज ओढतो, म्हणून तो दहा सेकंदांहून अधिक काळ सलग मारू नये आणि मारल्यास त्याला विश्रांती द्यावी, असा त्यांचा दंडक आहे. वसाहतीत कोणी आपली गाडी घर्रर्र घर्रर्र करीत रेटू लागला की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून “सोडा! सोडा! किल्ली सोडा!” असा जो आर्त पुकारा होतो, तो ऐकून नवखा भाडेकरू काहीतरी चिरडले गेले या समजुतीने गाडीखाली वाकून पाहतो.

सेल्फ किती टिकतो, या प्रश्नावर तर त्यांचे मत मला सर्वस्वी ग्राह्य वाटते. लोक त्याचे आयुष्य किलोमीटरांत विचारतात; वस्तुतः इंजिन सुरू झाल्यावर सेल्फाचा प्रवासाशी काहीएक संबंध उरत नाही. पुण्याहून कोल्हापूरला एका दमात जाणाऱ्या मोटारीचा सेल्फ एकदाच श्रमतो, आणि मंडईत भाजी, तेथून बँक, तेथून नातवाची शाळा अशा चार किलोमीटरांत तो चारदा श्रमतो. झिजतात ते कार्बन ब्रश, बुश आणि सोलेनॉइडमधील तांब्याची टोके. आणि ही झीज किल्ली किती वेळा फिरवली त्यावर ठरते. साधारण सेल्फाची मजबुती तीस हजार वेळा फिरण्याची धरली, तर रोज सहा वेळा गाडी सुरू करणाऱ्याला तो तेरा-चौदा वर्षे पुरावा. सिग्नलवर आपोआप बंद होऊन आपोआप सुरू होणाऱ्या नव्या मोटारींना अर्थातच याहून कितीतरी दणकट सेल्फ लागतो, आणि तो त्यांना कारखान्यातच दिलेला असतो.

हाच हिशेब मी एकदा अण्णासाहेबांच्या पद्मिनीला लावून पाहिला. ही मोटार दिवसातून एकदा, सकाळी पूजा आटोपल्यावर, पाच मिनिटे सुरू करण्यात येते आणि पुन्हा खाकी आच्छादनाखाली जाते. म्हणजे एका सेल्फाचे आयुष्य बेरजेने सुमारे ब्याऐंशी वर्षे झाले. १७३० साली शनिवारवाड्याची पायाभरणी झाली त्या दिवसापासून अण्णासाहेबांनी हा नेम चालवला असता, तरी तिसरा सेल्फ १९७६ च्या सुमारास सेवानिवृत्त होऊन आज चौथा कामावर असता, आणि त्याची बरीच नोकरी शिल्लक असती. हे गणित मी त्यांना दाखवले. त्यांनी ते तपासले, बेरीज बरोबर असल्याचे मान्य केले, आणि शांतपणे विचारले, “पण चौथा गेला तर?”

वस्तुतः पडून राहणे हे सेल्फाला काही विशेष मानवत नाही. बुशांतले तेल आटते, पिनियनच्या दांड्यावरचे ग्रीस घट्ट होऊन तो पुढे सरकेनासा होतो, चार पावसाळ्यांची दमट हवा कम्युटेटरवर काळपट थर चढवते, आणि अडीअडचणीसाठी राखलेला भाग नेमका अडचणीच्या वेळी मोटारीतल्यापेक्षा अधिक आजारी निघतो. यावर अण्णासाहेबांनी काढलेला तोडगा बदल्यांचा आहे. दर दिवाळीनंतर मोटारीतला सेल्फ रजेवर घरी येतो व फडताळातला एक कामावर रुजू होतो. या बदल्यांपायी आजवर बोल्टांचे आटे दोनदा गेले, म्हणून आता राखीव बोल्टही आहेत.

आणि तरीही या माणसाला राखीव सेल्फाची तिळमात्र गरज नाही, हे मी स्वतः पाहिलेले आहे. आमच्या मागल्या गल्लीतील एका तरुणाने लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने देण्याकरिता एक पद्मिनी सजवून ठेवली होती. ऐन मुहूर्ताच्या सकाळी ती झेंडूच्या माळांसह मुकी झाली. किल्ली फिरवली की एकच ‘टक्’ असा आवाज येई आणि पुढे काही नाही. तरुण धावत आला. “काका, तुमच्याकडे तीन आहेत ना? एक द्या, वाटेल ते भाडं देतो.” अण्णासाहेबांनी वहीकडे पाहिले, मेणकापडाकडे पाहिले, आणि एकाही सेल्फाला हात न लावता, फक्त एक पाना व सँडपेपरचा तुकडा खिशात घालून ते खाली उतरले. त्यांनी बॅटरीची टोके घासली, इंजिनापासून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी ढिली होती ती आवळली, सेल्फाच्या अंगावर पान्याच्या मागच्या बाजूने दोन हलके ठोके दिले, जेणेकरून अडकलेला ब्रश खाली बसावा, आणि म्हणाले, “मार आता.” गाडी सुरू झाली. नवरदेव वेळेवर गेला. बंद पडणाऱ्या बहुतेक सेल्फांचा दोष सेल्फात नसतोच, आणि ज्यांचा असतो त्यांना नव्या ब्रशांवर व बुशांवर भागते, ही विद्या ज्याला अवगत आहे त्याने तीन सेल्फ बाळगावेत, आणि ज्याला पाना कोणत्या बाजूने धरावा हे ठाऊक नाही त्याने एकही बाळगू नये, हा व्यवहार मला आजतागायत उलगडलेला नाही. त्या दिवशी अण्णासाहेब मात्र खिन्न होते. सेल्फ देण्याची वेळ आली होती, आणि आपल्याच हातगुणाने ती टळली.

गेल्या पाडव्याला त्यांच्या थोरल्या चिरंजीवांनी विजेवर चालणारी मोटार घेतली. पूजा झाली, चाकाखाली नारळ फुटला, आणि अण्णासाहेबांनी बॉनेट उघडावयास लावून आत दीर्घकाळ निरीक्षण केले.

“सेल्फ कुठे आहे रे हिचा?”

“बाबा, हिला सेल्फ नसतो.”

त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो सुटकेचा नव्हता. बराच वेळ ते तसेच वाकून उभे राहिले, आणि मग अत्यंत काळजीच्या स्वरात म्हणाले, “मग ही बंद पडते तरी कशाने?”

चिरंजीव सत्यवचनी. त्यांनी सांगून टाकले की मोठ्या बॅटरीखेरीज हिला एक साधी बारा व्होल्टची लहान बॅटरीही असते, आणि ती उतरली तर मोठी कितीही भरलेली असो, गाडी जागीच होत नाही. अण्णासाहेब ताठ उभे राहिले. त्याच संध्याकाळी ते नाना पेठेत गेले. वहीत आता नवे पान आहे: ‘बॅटरी, बारा व्होल्ट, नग १, राखीव. दर महिन्यास चार्ज करणे.’ फडताळात जागा नसल्याने तूर्त ती मिक्सरच्या जागी ठेवण्यात आली आहे.