अनुदान : शोध, संगोपन आणि उपयोगिता

अनुदान म्हणजे परत करावा लागत नाही असा पैसा. कर्जात फक्त पैसा परत द्यावा लागतो. अनुदानात पैसा सोडून बाकी सगळे द्यावे लागते : ठराव, दाखले, उतारे, शपथपत्रे, फोटो, आणि साहेब स्वतः आले तर शाल-श्रीफळ. हा पदार्थ देशात मुबलक असून त्याचे साठे मुख्यतः दिल्लीत, मुंबईत आणि कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत आढळतात. खेड्यात पोचेपर्यंत त्याला पुष्कळदा फलकाचे रूप आलेले असते.

अभ्यासासाठी रत्नागिरी जिल्ह्यातली नमुन्याची एक वाडी घ्यावी. घरे तीस-पस्तीस, मधून पऱ्या वाहतो, शाळा पऱ्याच्या पलीकडे. दरवर्षी मृगाच्या आधी वाडीतले बापये पोफळीची खोडे आडवी टाकून, वर बांबू बांधून साकव घालतात. आषाढातल्या एखाद्या रात्री तो वाहून जातो आणि शाळेत जाणारी नऊ पोरे पाणी उतरेपर्यंत घरी बसतात. वाडीला पक्का साकव हवा आहे. ही गरज एका वाक्यात सांगता येते, आणि हाच तिच्यातला मोठा दोष आहे. एका वाक्याच्या गरजेला अनुदान मिळाल्याचे उदाहरण दप्तरात सापडत नाही.

शोधाची सुरुवात ठरावाने होते. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी हजेरी लागते. तेवढी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. लोकशाहीने स्वतःसाठी पाडलेली ही पायवाट असून गावचा बराचसा विकास तिच्यावरूनच ये-जा करतो. ठरावाला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो. साकवाच्या बाबतीत सूचक पऱ्याच्या अलीकडे आणि अनुमोदक पलीकडे राहत असल्याने हा विषय १५ ऑगस्टच्या सभेत घेता येत नाही. तो १ मेच्या सभेत उरकावा लागतो, तेव्हा पऱ्या कोरडा असतो आणि साकवाची निकड कोणालाच पटत नाही.

ठराव झाला की प्रश्न येतो लेखाशीर्षाचा. माणसाला जसा रक्तगट तसे सरकारी पैशाला लेखाशीर्ष. गट जुळला नाही तर रोगी दारात मेला तरी बाटली फोडता येत नाही. ग्रामपंचायतीच्या हाताशी सर्वांत जवळचा पैसा वित्त आयोगाचा. पंधराव्या आयोगाने २०२१-२२ पासून या पैशाचे दोन भाग केले : ६० टक्के बंधित, ४० टक्के अबंधित. बंधितातला अर्धा स्वच्छतेसाठी, अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी. साकवाखालून पाणी जाते, पण ते पिण्याचे नसते. अबंधित भाग गावाला स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येतो, पगार सोडून. मात्र छोट्या ग्रामपंचायतीचा हा भाग मोजला तर त्यात साकवाचा एक खांब उभा राहतो. पुढच्या वर्षी दुसरा खांब उभारता येईल अशी सोय असली, तरी मध्ये पावसाळा येतो.

मग गाव आकड्यांकडे वळते. ग्रामीण महाराष्ट्रात शिकलेला कार्यकर्ता ओळखण्याची खूण म्हणजे तो योजनांची नावे घेत नाही, लेखाशीर्षे बोलतो. ‘पंचवीस-पंधरातून बघू’ म्हणजे ग्रामविकास विभागाच्या २५१५ मधून, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या कामांत. ‘तीस-चौपन्नला टाका’ म्हणजे रस्ते-पुलांच्या ३०५४ मध्ये. शिवाय जिल्हा नियोजनचा पैसा आहे, डोंगरी विकास कार्यक्रम आहे, कोकणासाठी साकवांचा स्वतंत्र कार्यक्रमही आहे. खासदार निधी वर्षाला ५ कोटी रुपये. तो एका मतदारसंघाला वाटला तर नमुन्याच्या वाडीच्या वाट्याला एक आश्वासन येते. इतके पर्याय असणे हीच अडचण होऊन बसते. प्रत्येक टेबलावर सांगतात की हे काम दुसऱ्या टेबलाचे आहे, आणि तपास केला तर प्रत्येकाचे म्हणणे खरे निघते. साकवाची रुंदी थोडी वाढली की तो लहान पूल होतो आणि त्याचे खाते बदलते. कमी झाली की ती पायवाट होते आणि तिला खातेच राहत नाही.

सरकारी मार्ग असा लांबला की कंपनीचा मार्ग सुचवला जातो. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५, १ एप्रिल २०१४ पासून लागू. ५०० कोटींचे नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी काहीही असलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करायचे. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण विकास शब्दशः लिहिलेला आहे. पण तोच कायदा कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. त्यामुळे धुराड्याचा धूर पोचतो तिथे साधारणपणे निधीही पोचतो, आणि स्वच्छ हवेच्या गावाला आपल्या स्वच्छ हवेची किंमत मोजावी लागते. शिवाय कंपनीच्या संचालकांना साकवात रस नसतो. त्यांना ‘परिवर्तन’ हवे असते, आणि ते फोटोत दिसेल असे हवे असते. पऱ्यावरून पोरे शाळेत जातात हे परिवर्तन नव्हे. ती आधीही जातच होती, जरा भिजून.

म्हणून साकवाचे नामांतर होते. शिक्षणाचा निधी असेल तर तो बालिका-शिक्षण सुलभता प्रकल्प. पर्यावरणाचा असेल तर हवामान-बदलाशी जुळवून घेणारी पायाभूत सुविधा. आरोग्याचा असेल तर गरोदर मातांचा संपर्कसेतू. महिला सबलीकरणाचा असेल तर बचतगटाच्या बायकांनी साकवाला रंग द्यावा. या साऱ्या रूपांत पऱ्या तोच आणि पोफळीची खोडेही तीच. बदलतो तो अर्जाचा पहिला परिच्छेद. कंपनीचा उरलेला पैसा ठरावीक मुदतीत वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत भरावा लागतो, म्हणून मार्चमध्ये एकाएकी फोन येतात आणि चार दिवसांत प्रस्ताव मागितला जातो. कोकणात तेव्हा शिमगा असतो. अध्यक्ष पालखीला खांदा देत असतात आणि शिक्का त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतो.

येथे संस्थेची गरज निर्माण होते, कारण कंपनी वाडीला पैसे देत नाही, नोंदणीकृत संस्थेला देते. महाराष्ट्रात सामान्यतः संस्था दोनदा जन्मते : एकदा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि मग १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. किमान सात माणसे लागतात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि तीन सदस्य, ज्यांना आपण सदस्य असल्याचे सहीच्या वेळी कळते. यांपैकी एखादा वारला किंवा रुसला की बदल अर्ज, म्हणजे बोलीभाषेत ‘चेंज रिपोर्ट’, दाखल करावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत आणखी एखादा वारतो. कागदावर जुनेच मंडळ कारभार पाहत राहते, आणि काही संस्थांच्या विश्वस्तांना मृत्यूनंतरही निवृत्ती मिळत नाही.

यानंतर पॅन, आयकराच्या १२अ आणि ८०जी नोंदण्या, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, सीएसआर-१ अर्ज आणि दरवर्षीचे ऑडिट. १२अ आणि ८०जी पूर्वी एकदा घेतले की निभत असे. २०२१ पासून त्यांनाही मुदत आली. हे सारे करणारा सनदी लेखापाल तालुक्याच्या गावी असतो किंवा नसतो, पण त्याचे शुल्क नक्की असते. वर कंपनीच्या निधीसाठी बाहेरच्या संस्थेला किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. म्हणजे पैसे मिळण्यासाठी तीन वर्षे काम केलेले असावे, आणि काम करण्यासाठी पैसे मिळालेले असावेत. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत बहुतेक छोट्या संस्था राहतात. तिथे त्यांचा मुख्य आहार खजिनदाराची पदरमोड हा असतो.

परदेशी अनुदानाची तऱ्हा वेगळी. त्यावरचा पहिला कायदा १९७६ चा, आणीबाणीतला. त्याच्या जागी २०१० चा आला आणि २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षांची असावी आणि त्या काळात तिने आपल्या मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. थोडक्यात, गरज नसल्याचे सिद्ध केल्यावर मदत मागता येते. पैसे प्रथम नवी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावेत असा नियम आहे. त्यामुळे ज्या संस्थेचा सचिव आयुष्यात पनवेलच्या पुढे गेलेला नाही, तिचेही एक खाते राजधानीत असते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि मोठ्या संस्थेने परदेशी पैसा घेऊन त्यातला थोडा आडगावच्या छोट्या संस्थेला द्यावा, हा जो जुना पाट होता, तो २०२० च्या दुरुस्तीने बुजवला. कायद्याची भाषा मोठ्या संस्थांना उद्देशून होती. पाणी मात्र शेवटच्या वाफ्याचे तुटले.

अलीकडे सामाजिक शेअर बाजार नावाची सोय झाली आहे. त्यात संस्था ‘शून्य व्याज, शून्य मुद्दल’ असे रोखे काढू शकते. घेणाऱ्याला व्याज मिळत नाही आणि मुद्दलही परत मिळत नाही. सेबीने हे साधन मोठ्या विचारविनिमयानंतर आणले. खेड्यात ते उसनवारी या नावाने पिढ्यान्‌पिढ्या चालू होते, फक्त त्याची बाजारात नोंद होत नसे. या रोख्यांची किमान रक्कम १ कोटीवरून ५० लाखांवर आणली आहे. ज्या वाडीला काही लाखांचाच साकव हवा असेल, तिने आधी बाकीची गरज शोधून काढावी.

अर्ज भरण्याची विद्या स्वतंत्र आहे. तिचे जाणकार जिल्ह्याच्या ठिकाणी भेटतात, आणि त्यांच्या शुल्काला ‘क्षमताबांधणी’ म्हणतात. वाडीत राबणाऱ्या कार्यकर्त्याला जे मिळते ते ‘मानधन’, आणि ते जवळजवळ प्रत्येक दात्याला जास्त वाटते. अर्जातला अवघड रकाना लाभार्थ्यांचा. पोरे नऊ. नऊ या आकड्याला कोणी पैसे देत नाही. तेव्हा नऊ हे प्रत्यक्ष लाभार्थी धरून अप्रत्यक्ष मोजले जातात : आईबाप, आजीआजोबा, शाळेतली उरलेली मुले, शिक्षक, साकवावरून दूध नेणारा, त्याचे दूध पिणारे, असे करत आकडा ग्रामपंचायतीच्या एकूण लोकसंख्येला पोचतो आणि तिथे लाजून थांबतो. दुसरा रकाना शाश्वततेचा : अनुदान संपल्यावर प्रकल्प कसा चालेल? साकव चालत नाही, लोक त्याच्यावरून चालतात, हे उत्तर अमान्य होते. साकव देखभाल समिती, तीत निम्म्या महिला, तिमाही बैठक आणि इतिवृत्त, हे उत्तर मान्य होते.

अनुदान नव्हते तेव्हाही पैसा उभा राहत असे, एवढी ऐतिहासिक नोंद येथे पुरेशी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पैसा देणाऱ्यांपैकी कोणी आधारभूत सर्वेक्षण मागितल्याचे ऐकिवात नाही. कोकणात हे काम चाकरमान्यांनी केले. लालबाग-परळच्या खोल्यांतून गावोगावची ग्रामस्थ मंडळे चालत. परळच्या दामोदर नाट्यगृहात नमनाचा किंवा नाटकाचा प्रयोग लावायचा, तिकिटे गिरणीत खपवायची, आणि उरलेल्या पैशांतून गावच्या देवळाचे कौल किंवा शाळेची भिंत. गिरण्या गेल्या, खोल्या गेल्या. मंडळांचे लेटरहेड अजून आहेत. सरकारलाही वर्गणीची महती पटलेली असून जलजीवन मिशनमध्ये गावातल्या कामांना १० टक्के, डोंगरी भागात ५ टक्के लोकवाटा ठेवला आहे. हा वाटा लोकांनी भरायचा असतो. तो भरला गेल्याची पावती दप्तरात असते. कोणी भरला हे विचारणे शिष्टसंमत नाही.

अखेर, समजा, पैसा मिळतो. पहिला हप्ता निम्मा. त्यात साकव निम्मा होतो, आणि निम्म्या साकवाचा उपयोग झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. ते मिळाल्यावर दुसरा हप्ता सुटतो. मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, कनिष्ठ अभियंता येऊन जातात, दात्याच्या नावाचा फलक लागतो, आणि साकव खरोखर पुरा होतो. अशी उदाहरणे आहेत आणि ती दडवण्याचे कारण नाही.

अंतिम देयक मात्र एका त्रुटीवर अडते. जिओ-टॅग केलेले तीन फोटो लागतात : कामापूर्वी, काम चालू असताना आणि काम पूर्ण झाल्यावर. पहिला कोणी काढलेलाच नसतो, कारण त्या दिवशी पऱ्याला पूर होता. त्रुटीच्या पूर्ततेला सात दिवसांची मुदत असते. तेव्हा ठेकेदाराचा माणूस नव्या साकवावर येतो, कठड्याकडे पाठ करतो आणि मोबाइल पऱ्याच्या खालच्या अंगाला धरतो. अक्षांश-रेखांश बरोबर येतात. तारीख अंगठ्याखाली जाते. नुसत्या पाण्याचा फोटो गरज दाखवत नाही असे ध्यानात आल्यावर, साकवावरून शाळेला निघालेल्या एका पोराला हाक मारली जाते, आणि ते दप्तर डोक्यावर घेऊन खाली गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहते.