रेंडरला लावलंय

मांडवात नवऱ्याच्या मुंडावळ्या बाजूला सारून क्लोजअप घेणारा शूटिंगवाला सगळ्यांना माहीत असतो. मला सांगायचंय ते त्याच्या मागच्या माणसाबद्दल. हा लग्नाला येत नाही, जेवायलाही नाही. पुण्या-मुंबईत त्याला एडिटर म्हणतात, साताऱ्यापासून सांगलीपर्यंत तो मिक्सिंगवाला. नवरा-नवरी त्याला रस्त्यात ओळखत नाहीत; तो मात्र वऱ्हाडातल्या आत्यालासुद्धा ओळखतो. "ह्या बघा, तिसऱ्या पंगतीला रुसलेल्या," असं माझ्या कानात सांगून तो पुढे चालू लागतो.

माझ्या ओळखीचे असे दोघे आहेत. साताऱ्याचा राजपथाच्या बोळात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यावर बसतो. सांगलीचा मार्केट यार्डाजवळ. मधे १२० किलोमीटर आणि विषय एकच, काँप्युटरचं कॉन्फिगरेशन. रात्री अकराला फोन सुरू होतो. "किती रॅम टाकली?" हे इकडे त्याच सुरात विचारतात, ज्या सुरात "औंदा किती एकर ऊस?" विचारतात. सांगलीकराला शिवाय घराण्याचा अभिमान. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तिथून मराठी नाटक सुरू झालं. म्हणजे पहिला प्रयोगही लग्नाचाच, असं तो म्हणतो. त्याचं मिक्सिंग आपल्याकडे आलं नाही, ही त्याची खंत.

दोघांची सुरुवात पेंटियम फोरवर झाली. मिनी डीव्हीची एक तासाची टेप काँप्युटरमध्ये घ्यायला एक तासच लागायचा आणि ती १३ जीबी जागा खायची. हार्ड डिस्क ४० जीबीची. हळद आली, अक्षता आल्या की डिस्क तुडुंब. म्हणून त्या काळातल्या पुष्कळ जोडप्यांची वरात कॅसेटीतून गायब आहे. माझीही आहे. मी विचारलं तेव्हा साताऱ्याचा म्हणाला, "तुमच्या वरातीत काय विशेष नव्हतं, भाऊ. मी पाहिलीय."

आता फोर-के आलं. एका कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी, असे दोन कॅमेरे, वर ड्रोन. एक मध्यम लग्न सहज ५०० जीबीला जातं, आणि त्यातले निम्मे जीबी आहेर घेताना.

साताऱ्याच्याला कधी "चांगला काँप्युटर कोणता घेऊ?" असं विचारू नका. तो आधी विचारतो, "फुटेज कुठल्या कॅमेऱ्याचं?" आणि या प्रश्नामागे त्याची जखम आहे. शूटिंगवाल्याने नवा कॅमेरा घेतला. त्याचं चित्र टेन-बिट फोर-टू-टू, एच. २६५ मध्ये घट्ट घडी घालून ठेवलेलं. साताऱ्याच्याने कर्ज काढून ग्राफिक कार्ड आणलं, नांगराच्या फाळाएवढं. प्ले दाबलं, तर नवरी तीन पावलं चालली आणि थिजली. बऱ्याच महागड्या कार्डांना ही घडी उलगडता येत नाही. ती उलगडतो इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरच्या पोटात असलेला एक छोटासा ग्राफिकचा भाग, ज्याला हे लोक एरवी हिशेबातही धरत नाहीत. पण नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर तो भाग नसतो आणि प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो. याने थोडा स्वस्त घेतला होता. त्या 'एफ'चा अर्थ त्याने मला सांगितला, तो छापण्यासारखा नाही.

सांगलीचा जास्त मुरलेला. तो जुनं कार्ड घेतो, तेही खरसुंडीच्या बाजारात खिलार बैल घ्यावा तसं. आधी पंख्याला बोट लावून बघणार, मग उलटं करून वास घेणार. २०२१ साली लोकांनी ही कार्डं इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगला जुंपली होती. पुढल्या वर्षी ते बंद पडलं आणि अहोरात्र राबलेली जनावरं बाजारात आली. "आदत म्हणून विकत्यात आणि निघतंय जुळलेलं," म्हणजे कोवळं सांगून जून गळ्यात मारतात, असं म्हणत तो तासभर कार्डावर लोड टाकून तापमान बघत बसतो. विकणारा घड्याळाकडे बघतो. सौदा रुमालाखाली बोटं धरून होत नाही, एवढाच फरक.

देखभालीत मात्र दोघं एकमेकांना हसतात. साताऱ्याला पावसाळ्यात ओल; तिथला आपली मेमरी कार्डं आणि डिस्का तांदळाच्या डब्यात घालतो. एकदा त्याच्या आईने भाताबरोबर मेमरी कार्ड शिजवलं. सांगलीला यार्डाची हळद. सीपीयू उघडला की पंख्यावर पिवळा थर, जणू मशीनलाच हळद लागलीय. दर महिन्याला तो ब्लोअर मारतो, पंख्याच्या पात्याला पेन्सिल टेकवून. पातं भरारा फिरलं तर बेअरिंग जातं म्हणून. थर्मल पेस्ट तुरीच्या डाळीएवढीच. एवढं निगुतीने तो घरात दुसरं काही करत नाही, असं वहिनी म्हणतात. खोलीतला एसी सीपीयूकडे तोंड करून आहे.

खरा धडा मात्र दोघांना कृष्णेने दिला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेलं. सांगलीच्याने सीपीयू डोक्यावर घेतला, डिस्कांचा पिठाचा डबा छातीशी धरला आणि छातीभर पाण्यातून बाहेर आला. टीव्ही, फ्रिज, लग्नातली पैठणी खालीच राहिली. शेजारच्या हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं टिकणाऱ्या हळदीत २००५ च्या पुरात पाणी शिरलं होतं, ते त्याने लहानपणी नव्हे, चांगलं जाणत्या वयात पाहिलं होतं. पण शहाणपण दुसऱ्या पुराला आलं.

तेव्हापासून सांगलीच्या लग्नांची एक प्रत साताऱ्यात असते आणि साताऱ्याची सांगलीत. डिस्क कुणा ओळखीच्याबरोबर एसटीने जाते. जाताना कंदी पेढ्याच्या बॉक्सात, येताना भडंगाच्या पुड्यांमध्ये. कुणी भुकेला कंडक्टर भेटला तर अख्खी लगीनसराई जायची, हा धोका त्यांनी हिशेबात धरलेला नाही.

परवा मी माळ्यावर बसलो होतो. सांगलीहून एक बाई आल्या. पुरात त्यांचे अल्बम गेलेले, आणि वडीलही आता नाहीत. भावाच्या वरातीत ते नाचले होते, तेवढंच हवं होतं. सांगलीच्याने इकडे पाठवलं होतं. याने तिसऱ्या डब्यातली चौथी डिस्क काढली. स्क्रीनवर धोतराचा सोगा दातात धरून एक म्हातारा ११ सेकंद नाचला. बाई काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दादा, एवढंच पेनड्राइव्हवर द्या."

"असं कसं, ताई?" तो दुखावून म्हणाला. "मागं ट्यूबलाइट हिरवी मारतीय, जरा कलर करू द्या की. हलतंय पण थोडं."

त्याने डोक्यावरची धूळ झटकली, चष्मा पुसला, दहा मिनिटं म्हाताऱ्याचं धोतर पांढरं केलं आणि बटण दाबलं.

"रेंडरला लावलंय."

बाई खुर्ची ओढून बसल्या. मीही थांबलो. स्क्रीनवर तीन टक्के झाले, चार झाले, आणि लाइट गेली. कोपऱ्यात यूपीएस कोकलायला लागला.